मत्तयाचा दहावा अध्याय आणि नागासाकीचे लपलेले ख्रिस्ती

(द्वितीय वर्ष, कला)

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काही फार मोठा नाही. मोठ्याने वाचला तर पाच-सहा मिनिटांत संपतो. परंतु ख्रिस्ती माणसाला स्वस्थ बसू न देणारी जितकी वचने या एका अध्यायात आहेत तितकी क्वचितच दुसरीकडे एकत्र सापडतील. या अंकाचे बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत, म्हणून त्यातील मजकूर प्रथम माझ्या शब्दांत सांगते.

येशू आपल्या बारा शिष्यांना गावोगाव धाडतो आहे. निघण्यापूर्वी तो त्यांना सूचना देतो. कमरेला पैसे बांधू नका, दुसरा अंगरखा घेऊ नका, जे घर स्वागत करील तिथे राहा, जे करणार नाही तिथून पायांची धूळ झटकून पुढे चला. इथवर सारे सोपे आहे. मग सूर बदलतो. लांडग्यांच्या कळपात मेंढरे सोडावीत तसे मी तुम्हाला सोडत आहे, असे तो सांगतो. सापासारखे सावध राहा आणि कबुतरासारखे निष्पाप राहा. तुम्हाला न्यायसभेपुढे ओढतील, फटके मारतील, भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. जे केवळ शरीर मारू शकतात त्यांना भिऊ नका. आणि या साऱ्याच्या शेवटाकडे ते वाक्य येते: जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मीही माझ्या पित्यासमोर नाकारीन.

सावध राहा, पळून जा, आणि नाकारू नका, अशा या तीन आज्ञा होत. पहिल्या दोन आणि तिसरी यांच्यामध्ये एक फट आहे. पळून जाणारा माणूस काही नाकारत नाही. तो फक्त जागा बदलतो. २०१४ च्या जुलै महिन्यात इराकमधील मोसुल शहरात 'इस्लामिक स्टेट' नावाच्या अतिरेकी संघटनेने ख्रिस्ती लोकांच्या घरांवर अरबी 'नून' हे अक्षर रंगवले आणि धर्म बदला, कर भरा, शहर सोडा, नाहीतर मरा असे बजावले. तेव्हा शेकडो वर्षे तिथे राहिलेली कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्यांनी दहाव्या अध्यायातील आज्ञा अक्षरशः पाळली असे म्हणता येईल. परंतु पळायला दुसरे गावच नसेल तर काय करायचे? चारी बाजूंनी समुद्र, देश सोडला तर देहदंड, आणि दर वर्षी एकदा सरकारी माणूस दारात येऊन नाकारण्याची मागणी करतो, असे असेल तर?

हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. जपानमध्ये नागासाकीच्या परिसरातील शेतकरी व कोळी लोकांपुढे तो दोनशेहून अधिक वर्षे उभा होता. त्यांचीच हकीकत मला येथे सांगायची आहे.

जपान आपल्याला दूरचा वाटतो, पण या हकीकतीचा एक धागा आमच्या वसईतून गेलेला आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांना तिकडची वाट दाखवणारा अंजिरो हा जपानी गृहस्थ, आणि त्याचा स्नानसंस्कार गोव्यात झालेला. पुढे आठ-नऊ वर्षांनी वसईला गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडची. किल्ल्यातील येशूसंघीय फादरांपाशी तो शिकला आणि लहान वयातच त्यांच्यापैकी एकाबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आत्मसात केली की पुढे तेच त्याचे मोठे भांडवल ठरले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही, असे चरित्रकार सांगतात. मधली काही वर्षे त्याने व्यापार केला. मग मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून जाणाऱ्या फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून जपानला परतला. जपानचा त्या वेळचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी. त्याच्यासमोर उभे राहून बोलणारा हा वसईचा माणूस होता, हे आमच्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते.

हिदेयोशीने १५८७ मध्येच परदेशी पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण तो सक्तीने राबवला नव्हता. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मालाची जप्ती झाली, त्यातून तंटा वाढला, आणि आधी पाद्री व मागून फौज अशी स्पेनची रीत असल्याचा संशय बळावला. क्योतो व ओसाका येथून २४ जणांना पकडण्यात आले. प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस ओळीने उभे राहिले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, बाकीचे सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोडशील तर सोडून देतो असे त्याला सांगण्यात आले होते, त्याने नकार दिला. पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच जमलेल्या लोकांना उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले. गोन्सालो त्या सव्विसांपैकी एक. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

या सव्विसांविषयी दहाव्या अध्यायाला काही विचारण्याची गरज पडत नाही. तिथे जे सांगितले ते त्यांनी केले. आमच्याकडे त्यांच्या सणाला प्रवचन होते तेही याच अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रवचन १५९७ ला थांबते. खरा कठीण भाग त्यानंतर सुरू होतो.

तो सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर वर्गातील मित्रमैत्रिणी मला विचारतील आणि ते बरोबर असेल. ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तसा ख्रिस्ती सत्तेने इतरांचाही केला. हिदेयोशीचा संशय अगदीच निराधार नव्हता. ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती झालेल्या जपानी सरदाराने आपल्या मुलखातील देवळे व मठ उद्ध्वस्त करवले होते आणि १५८० मध्ये नागासाकी बंदर येशूसंघाच्या ताब्यात दिले होते. इकडे गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन बसले ते १८१२ पर्यंत टिकले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की, तुम्हाला ठार मारणारा आपण देवाची सेवाच करतो आहोत असे समजेल, अशी वेळ येत आहे. हे वचन आपण नेहमी आपल्याला मारणाऱ्याविषयी वाचतो. गोव्याच्या न्यायासनावर बसलेल्यांनी ते स्वतःविषयी वाचले असते तर बरे झाले असते. असो.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. त्या वेळी तिथे सुमारे तीन लाख ख्रिस्ती असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १६२२ मध्ये त्याच निशिझाका टेकडीवर एका दिवशी ५५ जणांना जाळून अथवा शिरच्छेद करून मारण्यात आले. पण मारल्याने लोकांचा धीर वाढतो हे राज्यकर्त्यांच्या लवकरच लक्षात आले. हुतात्म्याची हाडे लोक जपून ठेवतात. म्हणून मारण्याऐवजी मोडण्याची पद्धत निघाली. माणसाला दोरांनी आवळून, डोके खाली करून खड्ड्यात टांगायचे आणि रक्ताचा दाब वाढून लवकर मरण येऊ नये म्हणून कानामागे बारीक छेद द्यायचा. १६३३ मध्ये फादर फेरैरा या येशूसंघाच्या प्रमुखाने याच खड्ड्यात धर्म सोडला. १६३५ मध्ये जपानी माणसाने देशाबाहेर जाणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे पिचलेल्या शेतकऱ्यांचे बंड झाले, त्यात ख्रिस्ती पुष्कळ होते, आणि ते चिरडल्यावर बंदीचा फास आणखी आवळला. १६४४ मध्ये देशातील शेवटचे धर्मगुरू कोनिशी मान्सिओ मारले गेले. त्यानंतर जपानात एकही फादर उरला नाही.

प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बौद्ध मठात नाव नोंदवलेच पाहिजे, असा कायदा झाला. पाच-पाच घरांचे गट केले. एका घरात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरे जबाबदार. चौकाचौकांत लाकडी फलक लागले, त्यांवर ख्रिस्ती पकडून देणाऱ्यास किती बक्षीस मिळेल ते लिहिलेले. शेजाऱ्याला शेजाऱ्याची भीती वाटावी अशी ही रचना होती. भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील, हे दहाव्या अध्यायातील भाकीत इथे सरकारी दराने अमलात आले.

आणि या सर्वांवर कडी म्हणजे 'फुमिए'. या जपानी शब्दाचा अर्थ तुडवायचे चित्र. आधी लोकांकडून जप्त केलेली कागदी चित्रे जमिनीवर टाकत. ती फाटू लागली तेव्हा लाकडी फळीत धातूचे पदक बसवू लागले. १६६९ मध्ये नागासाकीच्या एका ओतकाम करणाऱ्याकडून अशा वीस धातूच्या पाट्या ओतून घेतल्या. त्यांवर क्रूसावरचा ख्रिस्त किंवा बाळाला घेतलेली पवित्र मरिया. नव्या वर्षाच्या सुरुवातीला अधिकारी ही पाटी घेऊन येत, नावांची यादी वाचत आणि घरातील प्रत्येकाने अनवाणी पायाने तीवर उभे राहायचे. तान्ह्या मुलांचे पायही तीवर टेकवत, अंथरुणाला खिळलेल्यांचेही. जो कचरला तो ख्रिस्ती. यांतील काही पाट्या आज तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवरील चेहरे पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले आहेत. एका पाटीचे छायाचित्र मी पाहिले. नाक-डोळे काही कळत नाहीत, नुसता मऊ उंचवटा राहिला आहे.

यातला डाव किती हुशारीने रचला होता तो पाहा. चाबूक नाही, खड्डा नाही. फक्त एक पाऊल. नाही म्हटले तर तुमच्याबरोबर घरची मुले आणि शेजारची चार घरे संकटात, हो म्हटले तर संध्याकाळी नेहमीसारखी चूल पेटणार. ज्यांनी पाऊल ठेवण्यास नकार दिला ते पकडले गेले, मारले गेले. त्यांच्यामागे पुढच्या पिढीला प्रार्थना शिकवणारे उरले नाही. म्हणजे १७०० साली नागासाकीच्या खेड्यात जो कोणी ख्रिस्ती जिवंत होता त्याने, त्याच्या बापाने आणि आजाने पाऊल ठेवलेले होते. दुसरा मार्गच नव्हता.

पाऊल ठेवून हे लोक घरी गेल्यावर काय करीत, हा या हकीकतीचा गाभा होय. बंदी येण्यापूर्वी, १६०३ मध्ये, तिथल्या बिशपांनी एक छोटे पुस्तक तयार केले होते. विषय 'कॉन्चिरिसान', म्हणजे पूर्ण पश्चात्ताप. कॅथलिक माणूस आपले पाप धर्मगुरूपाशी निवेदन करतो आणि त्याच्यामार्फत क्षमा मिळवतो. परंतु धर्मगुरू मिळणे शक्यच नसेल तर? मनापासून, शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरील प्रेमामुळे पश्चात्ताप केला तर देव क्षमा करतो, असे त्या पुस्तकात समजावलेले होते. लपलेल्या ख्रिस्ती लोकांनी ते हाताने उतरवून घेतले, पाठ केले आणि दोनशे वर्षे जपले. पाटी तुडवून आले की घरची माणसे एकत्र जमून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत.

धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, मिस्सा नाही. तरी एक लहानशी व्यवस्था त्यांनी उभी केली. गावात एक जण पंचांग सांभाळी, त्याला चोकाता म्हणत. कोणता दिवस सणाचा, कोणता उपासाचा, कोणत्या दिवशी शेतात काम करायचे नाही हे तो गुपचूप कळवी. दुसरा मिझुकाता, म्हणजे पाण्याचा माणूस. मुलांचा स्नानसंस्कार त्याच्याकडे. घरात देव्हाऱ्यावर बौद्धांची कान्नोन देवी, आणि तिच्याकडे पाहून हात जोडायचे ते मरियेला. प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत. हा लॅटिन 'ओरातिओ' शब्दाचा जपानी उच्चार. या प्रार्थना तोंडी चालत, हळू आवाजात, आणि त्यांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द इतके मिसळले की म्हणणाऱ्यालाही कित्येकांचा अर्थ लागेनासा झाला. इकित्सुकी बेटावरची एक ओराशो ऐकून एका जपानी संगीत अभ्यासकाने तिचे मूळ सोळाव्या शतकातील स्पॅनिश चर्चगीतात शोधून काढले आहे. अर्थ हरवला, चाल टिकली.

काही जण याला हसतील. मला हसू येत नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. घरात पुस्तक उघडून वाचणारी पिढी माझ्यापासून सुरू झाली. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई, आणि तेव्हा ऐकलेले 'ओरा प्रो नोबिस' ती आजही जपमाळेनंतर म्हणते. त्याचा अर्थ 'आमच्यासाठी विनंती कर' असा आहे, हे तिला मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं दुसरं काय करत होते?" या उत्तरानंतर ओराशो म्हणणाऱ्यांना अज्ञानी म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आता पुन्हा दहाव्या अध्यायाकडे. लोकांसमोर नाकारणाऱ्याला पित्यासमोर नाकारण्यात येईल, हे वचन या माणसांना लागू करायचे काय?

वचन लिहिणारा मत्तय आहे. त्याच मत्तयाने सव्विसाव्या अध्यायात पेत्राची गोष्ट लिहिली आहे. येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या अंगणात पेत्र बसलेला असतो. एक दासी म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. पेत्र नाही म्हणतो. दुसरी म्हणते, तो शपथ घेऊन नाही म्हणतो. तिसऱ्यांदा तर शिव्याशाप देत, मी त्या माणसाला ओळखत नाही, असे सांगतो. कोंबडा आरवतो आणि पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडतो. खड्ड्यात टांगलेले नाही, पाच घरे ओलीस नाहीत, एका दासीच्या प्रश्नापुढे हा शिष्यांचा प्रमुख कोसळला. हे लोकांसमोर नाकारणेच होते, आणि तेही तीन वेळा. तरी ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लपवली नाही. योहान पुढे सांगतो की, पुनरुत्थित येशू समुद्रकिनारी पेत्राला भेटतो, मागचे काहीही न उकरता, माझ्यावर प्रीती करतोस का, एवढेच तीनदा विचारतो आणि मेंढरे त्याच्याच हवाली करतो. त्या दहाव्या अध्यायातील वाक्य ऐकणाऱ्या बारांमध्ये पेत्र होता. वाक्य खरे आहे, आणि ते मोडणाऱ्याला परतीची वाटही आहे. एकाच पुस्तकात मत्तयाने दोन्ही ठेवले आहे, म्हणून एक वाचून दुसरे सोडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो जोरकस आहे. पेत्र एकदाच पडला. हे लोक दर वर्षी पडत. खऱ्या पश्चात्तापात पुन्हा तसे न करण्याचा निश्चय असावा लागतो, हे आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात. पुढच्या नववर्षाला आपण पुन्हा पाऊल ठेवणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग त्यांची प्रार्थना म्हणजे नुसता हिशेब मिटवणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर मला मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात सापडते. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा पुरे का, असे पेत्रच विचारतो. सात नव्हे, सत्तर गुणिले सात, असे उत्तर मिळते. हा आकडा मोजण्यासाठी नाही, मोजणे सोडून देण्यासाठी आहे. दोनशे वर्षे दर वर्षी एकदा मोजले तरी ते चारशेनव्वदच्या आतच राहते, पण तो विनोद झाला. खरा मुद्दा त्याच अध्यायात थोडा आधी आला आहे. लहानांपैकी एकाला जो अडखळण्यास लावील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, इतक्या कडक शब्दांत येशू बोलतो. अडखळणाऱ्याविषयी नव्हे, अडखळायला लावणाऱ्याविषयी. तान्ह्या मुलाचा पाय उचलून ज्याने तो पाटीवर टेकवला, पाप कोणाचे? आपण छळाच्या गोष्टी सांगताना बळी पडलेल्याच्या धैर्याची परीक्षा घेतो आणि परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला मोकळे सोडतो. शुभवर्तमान तसे करीत नाही.

पाऊल ठेवणे योग्य होते असे मी म्हणत नाही. तेही तसे म्हणत नव्हते. म्हणत असते तर पश्चात्तापाचे पुस्तक कोणी जपले नसते. बारा वर्षांच्या लुईसचा नकार आणि या लोकांचे पाऊल एकाच मापाने मोजता येत नाही. परंतु ज्या श्रद्धेसाठी लुईस मेला ती पुढे पोचवली कोणी, याचे उत्तर इतिहासात एकच आहे.

ते उत्तर १८६५ साली मिळाले. जपानने परदेशी व्यापाराला बंदरे खुली केल्यावर नागासाकीत परदेशीयांसाठी ओउरा येथे एक चर्च बांधण्यात आले आणि ते त्याच सव्विस हुतात्म्यांना अर्पण केले गेले. तिथे पॅरिसच्या मिशनचे फादर पेतिजाँ हे फ्रेंच धर्मगुरू होते. जपानी लोकांना अजून बंदीच होती. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामी खेड्यातील सुमारे पंधरा माणसे चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली. फादर आत गुडघे टेकून प्रार्थना करीत असता त्यांतील एक बाई जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हलकेच म्हणाली की, आम्हा सर्वांचे मन तुमच्या मनासारखेच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? पुढच्या भेटींत या लोकांनी चौकशी केली की, रोममध्ये मोठे गुरू अजून आहेत का, आणि फादर अविवाहित आहेत का. सात पिढ्यांनंतर गुरू परत येतील असे त्यांना पूर्वजांनी सांगितले होते, तेव्हा खरे गुरू ओळखण्याच्या या त्यांच्या खुणा होत्या.

मला सर्वांत नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. आपण दुःखाच्या काळाच्या सतराव्या दिवसात आहोत, असे त्यांनी फादरांना सांगितले. दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरपूर्वीचा आमचा उपवासकाळ. १८६५ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार १ मार्चला. १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस. ना छापील कॅलेंडर, ना धर्मगुरू, आणि दोनशेवीस वर्षांनंतर एका दिवसाचीही चूक नाही. हा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक चोकाताने आयुष्यभर दर वर्षी पाटी तुडवलेली होती किंवा तुडवणाऱ्यांच्या घरात तो जन्मला होता.

यापुढची हकीकत सुखाची नाही. धीर आलेल्या उराकामीच्या लोकांनी १८६७ मध्ये आपल्या मृतांच्या अंत्यविधीला मठातील भिक्षू बोलावणे बंद केले आणि आपण ख्रिस्ती आहोत हे उघड सांगितले. धरपकड झाली. राजवट बदलून मेजी सरकार आले, तरी बंदीचे फलक तसेच राहिले. उराकामीचे सुमारे ३,४०० लोक, म्हणजे जवळजवळ सारे गाव, देशभर वीसेक ठिकाणी हद्दपार झाले. त्सुवानो येथे माणसांना उभे राहता येऊ नये इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडले, बर्फ फोडून तळ्यात बुडवले. सहाशेहून अधिक परत आले नाहीत. काहींनी छळापुढे नमून धर्म सोडल्याचे मान्य केले, आणि त्यांपैकी बहुतेक नंतर पुन्हा आपल्या समाजात आले. पेत्राची गोष्ट इथेही घडली. पाश्चात्त्य देशांतून निषेध झाला तेव्हा १८७३ मध्ये फलक उतरवले आणि हद्दपार लोक घरी परतले.

सारेच लपलेले ख्रिस्ती चर्चकडे परतले असेही नाही. इकित्सुकीसारख्या बेटांवर पुष्कळांनी आपली पूर्वजांची रीत, ओराशो आणि गुप्तता तशीच चालू ठेवली. आता त्यांची संख्या फारच घटली आहे. फादर येऊन सांगतात म्हणून आजोबांची प्रार्थना चुकीची कशी ठरवायची, ही त्यांची अडचण मला समजू शकते, जरी मी त्यांच्या जागी असते तर ओउराच्या दाराशी गेले असते.

उराकामीला परतलेल्यांनी वर्गणी गोळा करून गावाच्या जुन्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. दर वर्षी फुमिए तुडवायला त्यांना याच अंगणात उभे केले जाई. तिथे त्यांनी १८९५ मध्ये चर्च बांधायला घेतले, ते पुरे व्हायला १९१४ उजाडले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाच्या तयारीसाठी तिथे पापनिवेदन चालू होते. ज्यांच्या पूर्वजांना दोन शतके हा संस्कार मिळाला नव्हता ते लोक रांगेत बसलेले होते. अणुबाँब सुमारे पाचशे मीटरवर फुटला. आतले कोणी वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मेले. १९५९ मध्ये चर्च पुन्हा बांधून झाले, त्याच जागेवर.